एक कागदी चिठ्ठी

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज. दिवसभर लोकांचे कागद काढून देणं हाच धंदा. त्यामुळे धाकट्या भावावर केस झाली तेव्हा मला वाटलं, कागदाचंच तर काम आहे, काढू आपण. साडेतीन वर्षं लागली.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या कोर्टापासून 22 किलोमीटर. 2021 च्या जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका होत्या, 15 ला मतदान, 18 ला निकाल. आमचे चुलत काकाजी एका पॅनेलकडून, बाबा दुसऱ्याकडून. दोघांच्या वावरामधल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीचं भांडण माझ्या जन्माआधीचं. निकालानं त्याला तोंड फुटलं. 21 तारखेला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास धुऱ्यावर बाचाबाची झाली, काठ्या निघाल्या आणि काकाजींचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

भांडण झालं हे खोटं नाही. बाबांच्या हातात काठी होती हेही खोटं नाही. मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, मुलगा मध्ये पडला आणि नुसता मध्ये पडला नाही, हेही खरं. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोर्टाची गोष्ट सांगणारा माणूस आपल्या घराला दुधानं धुऊन मोकळा होतो.

पण फिर्यादीत तिसरं नाव माझ्या भावाचं होतं आणि सगळ्यात जड वाक्य त्याच्याच वाट्याला आलं होतं. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे बोथट बाजूनं, त्यानं हातावर वार केला. कलम 326, म्हणजे घातक हत्यारानं जबर दुखापत, सोबत अपमान-धमकीची 504, 506 आणि समान इराद्याचं 34. एफआयआर मी माझ्याच केंद्रातल्या कॉम्प्युटरवर काढला. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकावा, असं सुप्रीम कोर्टानं 2016 मध्येच सांगितलेलं आहे. ते एक काम झालं होतं. प्रिंटरमधून भावाचं नाव बाहेर येताना पाहणं वेगळंच असतं.

त्या संध्याकाळी भाऊ धुऱ्यावर नव्हता. तो 38 किलोमीटरवरच्या एका जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, ट्रॉलीभर कापूस घेऊन रांगेत उभा होता. सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी सुरू होती, हमीभाव क्विंटलला 5,825, आणि रांग रस्त्यापर्यंत. रात्री साडेदहाला ट्रॅक्टर घेऊन घरी आला, तर घरात रडारड. सकाळी पोलीस आले तेव्हा अंगावर आदल्या दिवसाचेच कपडे होते.

"मी तं जिनिंगवर होतो, दादा. सांगतलं त्यायले. ते म्हणे, पाहू."

अटक, कोठडी, तहसीलमधून सॉल्व्हन्सी म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला, अकराव्या दिवशी सत्र न्यायालयातून जामीन. त्यात नवल काही नाही, ज्याच्या घरी झालं त्याला पाठ आहे.

जामीन झाल्यावर मी पहिलं काम केलं ते जिनिंगवर जाण्याचं. सीसीआयची पट्टी आमच्याकडे होती, पैसे खात्यात आले होते. पण पट्टीवर तारीख असते, वेळ नसते. तारीख त्या दिवशीची असली तरी सरकारी वकील म्हणणार, दुपारी माल टाकला आणि संध्याकाळी येऊन मारलं. वेळ होती ती काटापावतीवर आणि गेटवरच्या कॅमेऱ्यात. मॅनेजर माणूस चांगला. चहा पाजला.

"भाऊ, पोलिसाचं पत्र आणा, दोन मिनिटात देतो. तुमाले कसं देऊ? उद्या मलेच बोलावतीन."

पोलीस स्टेशनला गेलो तर तपास सुरू आहे, तुम्ही त्यात पडू नका. मोबाईल कंपनीकडे टॉवरचं लोकेशन मागितलं तर तेच, पोलीस मागतील तर देऊ, नाहीतर कोर्टाचा आदेश आणा. एका आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आपण निर्दोष आहोत हे दाखवणारी प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या कुलपात आहे आणि त्या प्रत्येक कुलपाची किल्ली पोलिसांकडे आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा-वीस दिवसांनी पुसून त्यावर नवं चढतं, हे मॅनेजरनंच सांगितलं. विसावा दिवस केव्हा गेला ते मला आजही पाठ आहे.

मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बाबा गेले. त्यांच्यापुरती केस तिथेच संपली. मृत्यूचा दाखला कोर्टात लावायला मीच काढला.

दोषारोपपत्र एप्रिलमध्येच दाखल झालेलं, पण कोर्टं अर्धी बंद. नकला हातात आल्या ऑगस्टमध्ये. 63 पानं. पोलिसांचं कोर्टातलं काम पाहणाऱ्या पैरवीच्या शिपायानं झेरॉक्सचे म्हणून 140 रुपये घेतले, मी दिले. आरोपीला नकला फुकट द्यायच्या असतात, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 207 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. ज्या माणसाचं पोट दाखल्यांच्या फीवर चालतं त्यानं एवढं तरी विचारायला हवं होतं. 63 पैकी नऊ पानं वाचता येत नव्हती. जखमेचं प्रमाणपत्र तर झेरॉक्सची झेरॉक्स, काळ्या पाटीवर काळी अक्षरं. वकिलांनी अर्ज दिला, वाचनीय प्रती मिळाव्यात. पुढच्या तारखेला त्याच काळ्या पानाची आणखी एक झेरॉक्स मिळाली, या वेळी जरा तिरकी.

आमच्या पहिल्या वकिलांनी सप्टेंबरमध्ये कलम 91 खाली अर्ज केला, जिनिंगचं रेकॉर्ड आणि मोबाईलचं लोकेशन मागवावं. नामंजूर. कारण सरळ होतं. सुप्रीम कोर्टाचा 2004 चा देवेंद्रनाथ पाधी प्रकरणातला निकाल. चार्ज ठेवायच्या, म्हणजे आरोप निश्चित करायच्या, टप्प्यावर आरोपीला आपल्या बचावाचे कागद सहसा मागवता येत नाहीत, बचावाची पाळी येईल तेव्हा मागा. कायद्याच्या जागी ते बरोबरही असेल. पण फोन कंपन्यांनी रेकॉर्ड तेव्हा एक वर्ष जपायचं होतं, त्या डिसेंबरात ते दोन वर्षं झालं, आणि आमची बचावाची पाळी आली ती तिसऱ्या वर्षानंतर. पाळी येईपर्यंत लोकेशन उरलंच नाही.

तोवर पैसेही संपले. बाबांचं दवाखान्याचं बिल, वकिलांची फी, दर तारखेला पडणारी रोजी. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला माझ्याच केंद्रातून काढला, माझीच फी मलाच. 2022 च्या सुरुवातीला वकील मिळाल्या, वय पस्तिशीतलं, खांद्यावर कापडी पिशवी. गावात लोक म्हणाले, फुकटचा वकील म्हणजे तारीख घेणारा वकील. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी 63 पानं घरी नेली. पुढच्या तारखेला कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसून त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. अटकेच्या वेळचा अंगझडती पंचनामा. ओळ अशी होती: "नगदी 340 रुपये, एक साधा मोबाईल, एक कागदी चिठ्ठी."

"ही चिठ्ठी कशाची?"

ती ओळ मी पन्नास वेळा वाचली असेल. भावानंही ऐकली होती. तो डोकं खाजवत म्हणाला, "काट्याची पावती जी, मॅडम. शर्टाच्या खिशात होती. पैशे न् मोबाईल वापस देल्ले, ते नाही देल्ली."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"कोणं इचारलंच नाही जी."

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, झडतीत घेतलेल्या वस्तूंची पावती आरोपीला द्यायची असते, कलम 51. ती दिली का? नव्हती दिली. आता प्रश्न असा की चिठ्ठी कुठे आहे. दोषारोपपत्राच्या कागदांच्या यादीत नाही, मुद्देमालाच्या यादीत नाही. म्हणजे ती आहे, पण केसमध्ये नाही.

इथून पुढची लढाई एका यादीची. हे मला नव्यानं कळलं आणि इतरांनाही माहीत असावं म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोलीस तपासात दहा गोष्टी गोळा करतात, त्यातल्या ज्या सहा आरोपीच्या विरोधात जातात त्या दोषारोपपत्राला जोडतात. नकला मिळतात त्या सहांच्या. उरलेल्या चार कुठे जातात हे आरोपीला कळायला मार्ग नाही. केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची नोंद, तर त्याला मागताही येत नाही. सुप्रीम कोर्टानं 20 एप्रिल 2021 ला फौजदारी खटल्यांच्या कामकाजाचे नमुना नियम घालून दिले, त्यात म्हटलंय की ज्यावर पोलिसांची भिस्त नाही अशा जबाबांची, कागदांची, वस्तूंचीही यादी आरोपीला द्यावी. मे 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या मनोज प्रकरणात पुन्हा बजावलं की सरकार पक्षानं हे प्रत्येक खटल्यात पाळायला हवं. वस्तू लगेच देऊ नका, पण ती आहे हे तरी सांगा. एवढंच मागणं.

मॅडमनी दोन्ही निकाल जोडून अर्ज केला. सोबत 2017 चाही एक निकाल लावला, तपास अधिकाऱ्यानं महत्त्वाचा पुरावा दाबून ठेवला असेल तर कोर्ट चार्जच्या टप्प्यावरही तो मागवू शकतं, असा. तेव्हाच्या सरकारी वकिलांनी से, म्हणजे लेखी म्हणणं, दिला: अर्ज खोडसाळ आहे, खटला लांबवण्याच्या हेतूनं दिला आहे, नामंजूर व्हावा. हा से मी नंतर दुसऱ्या एका केसमध्येही पाहिला, त्याच शब्दांत, फक्त आरोपीचं नाव वेगळं. अर्ज पडून राहिला. तारीख, तारीख, वकिलांचा बहिष्कार, साहेब रजेवर, तारीख.

मग सरकारी वकिलांची बदली झाली. नव्या बाई आल्या. त्यांच्यापुढे पहिल्यांदा पुकारा झाला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी फाईल चाळली, आमच्या मॅडमकडे वळून हळूच म्हणाल्या, "यादीच मागताय ना? मलाही पाहायचीय." आणि जुना से मागे घेऊन नवा दिला. तीन शब्दांचा. "योग्य आदेश व्हावा."

ज्यांनी कोर्ट पाहिलं नाही त्यांना या तीन शब्दांचं वजन कळणार नाही. सरकारी वकील आपल्या बाजूला आल्या असं काही झालं नव्हतं. त्यांनी फक्त विरोध केला नाही. पण कित्येक महिने अडलेला अर्ज त्या दिवशी पंधरा मिनिटांत मंजूर झाला.

यादी यायला आणखी तीन तारखा लागल्या. जानेवारी 2023 मध्ये एक हाती लिहिलेलं पान आलं. पाच नोंदी. पहिल्या तीन किरकोळ. चौथी: "आरोपी क्र. 3 चे अंगझडतीत मिळालेली चिठ्ठी 1, पाकिटात." पाचवी: "जिनिंगचे चौकीदाराचा जबाब, दि. 27/1/2021."

पाचवी नोंद वाचून मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. माझ्या हातापायातलं बळ गेलं. म्हणजे पोलीस जिनिंगवर गेले होते. आम्ही पत्रासाठी दारोदार फिरत होतो त्याच्या आधीच गेले होते. चौकीदारानं सांगितलं होतं की हा ट्रॅक्टर त्या संध्याकाळी रांगेत होता, नंबरही सांगितला होता. ते लिहून घेतलं, सही घेतली नाही कारण तशा जबाबावर सही घेत नाहीत, आणि कागद बाजूला ठेवून दिला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तेव्हा सहा दिवसांचं होतं.

जबाब मिळाला तरी नुसता जबाब आमच्या कामाचा नव्हता. पोलिसांपुढचा जबाब म्हणजे पुरावा नाही, माणूस कोर्टात उभा राहायला हवा. चौकीदार छिंदवाड्याकडचा, केव्हाच काम सोडून गेलेला. राहिली चिठ्ठी.

कोर्टाच्या परवानगीनं पाकीट उघडलं ते फेब्रुवारीत, कारकुनाच्या टेबलावर. भाऊ, मॅडम, पैरवी अंमलदार, मी. खाकी पाकीट, टाचणीला गंज. अंमलदारानं चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि कोणीच काही बोललं नाही. ती कोरी होती. पेट्रोल पंपावर देतात तसल्या गुळगुळीत कागदावरची छपाई, दोन वर्षांत उडून गेलेली. वजन नाही, तारीख नाही, वेळ नाही. उजेडाकडे धरली तर कुठेकुठे राखाडी ठिपके. भाऊ म्हणाला, "हेच होती." आणि खाली बसला.

मॅडमनी चिठ्ठी उलटी केली. मागे जिनिंगचा जांभळा शिक्का, अर्धाच उमटलेला, आणि त्याच्या बाजूला काट्यावरच्या माणसानं बॉलपेननं लिहिलेलं: 1147. त्याखाली ट्रॅक्टरच्या नंबरचे शेवटचे चार आकडे. छपाई उडते, पेनची शाई राहते. रोज कागद हाताळणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं, सुचलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर. मॅनेजर तोच. त्यानं काट्याचं रजिस्टर काढलं, 1147 वर बोट ठेवून मला दाखवलं आणि मिटून परत कपाटात ठेवलं. "आता समन्स आणा, भाऊ." समन्स निघणार बचावाच्या टप्प्यावर. तो यायला वर्ष होतं. त्या वर्षात मी दर दोन महिन्यांनी जिनिंगवर जाऊन रजिस्टर जागेवर आहे का विचारून यायचो. दिवाळीत चिवडा घेऊन गेलो. मॅनेजर हसला आणि कपाट उघडून दाखवलं.

चार्ज ठेवला, साक्षी झाल्या. काकाजींची साक्ष ऐकवत नव्हती. त्यांचा हात आजही पूर्ण वळत नाही, शपथ घेताना त्यांनी तो कोपरापर्यंतच उचलला. तपास अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातून आले. मॅडमनी उलटतपासात विचारलं, चौकीदाराचा जबाब दोषारोपपत्रासोबत का जोडला नाही? ते म्हणाले, "मला आवश्यक वाटला नाही." आवाजात आकस नव्हता. कामाचा कंटाळा होता फक्त. एका स्टेशनला गुन्हे किती, माणसं किती, बंदोबस्त किती, हे मला दिसत होतं. तरी तो कंटाळा माझ्या भावाच्या बोकांडी बसला होता हेही दिसत होतं.

2024 च्या मार्चमध्ये जिनिंगचा कारकून रजिस्टर घेऊन पिंजऱ्यात उभा राहिला. अनुक्रमांक 1147, दि. 21/1/2021, भरलेल्या ट्रॉलीचं वजन संध्याकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी, रिकाम्या ट्रॉलीचं 8 वाजून 25 ला. चालकाच्या रकान्यात भावाचं नाव आणि वाकडीतिकडी सही. सरकारी वकील बाईंनी दोनच प्रश्न विचारले. नोंद तुमच्या हातची का? हो. रजिस्टर तुमच्याच ताब्यात असतं का? हो. बसल्या. त्या माणसाला अर्धा तास घोळवता आलं असतं. शेवटच्या युक्तिवादात त्यांनी मोठ्या बाबांच्या मुलाविरुद्ध जोर लावला आणि माझ्या भावापुरतं म्हणाल्या, पुरावा कोर्टापुढे आहे.

निकाल जूनच्या शेवटच्या आठवड्यात. भाऊ निर्दोष. मोठ्या बाबांच्या मुलाला दोषी धरलं, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं आणि काकाजींना भरपाई द्यायला सांगितली. ती आम्ही तिघा घरांनी मिळून भरली. पुढच्या सोमवारी, 1 जुलैला, नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यात नकला द्यायला चौदा दिवसांची मुदत आहे आणि झडतीचं चित्रीकरण करायचं आहे. माझ्या केंद्रात आता कोणी केसचे कागद घेऊन आला की मी आधी अंगझडतीचा पंचनामा काढायला लावतो आणि तपासात अजून काय काय घेतलं त्याची यादी मागितली का, ते विचारतो. बहुतेकांनी मागितलेली नसते.

निकालपत्राची नक्कल मीच आणली. सतरा पानं, या वेळी स्वच्छ. शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाबद्दलचा आदेश होता: चिठ्ठी किंमतशून्य असल्यानं अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावी.

भावाला तो वाचून दाखवला. तो मॅडमना म्हणाला, "ते चिठ्ठी मले वापस भेटन काय जी?"

"अर्ज करावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "त्यावर सरकारी वकिलांचा से येईल, मग तारीख पडेल."

"राहू द्या मंग," भाऊ म्हणाला, आणि आम्ही चारच्या एसटीसाठी निघालो.